अठरा मिनिटांची बादली

लातूर,
गुरुवार, सकाळचे दहा

तीर्थस्वरूप अक्का,

देविकेचा वाकून नमस्कार पोचावा. डोळ्यावरची हिरवी पट्टी निघाली त्याच दिवशी तुम्ही समोरच्या बंगल्याच्या पाटीवरची वेलांटी चुकलीय म्हणून त्यांची बेल वाजवलीत, हे इकडे कळलं. म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल वेगळं विचारत नाही. गुडघ्याचं मात्र कळवा. नांदेडला गोदेकाठी गारठा जास्त, तेव्हा पहाटे फिरायला जाणं बंद ठेवलंय की मैत्रिणींना तसं नुसतं सांगितलंय, तेही कळवा. इकडे सगळे खुशाल. मालविकेचा अशक्तपणा गेला. बाळ परवा महिन्याचं झालं. नाक आपल्या घरचं आहे (हे म्हणतात त्यांचं, मी म्हणते तुमचं, म्हणजे भांडण भावाबहिणीतच राहतं). जावईबापू पुण्याहून रोज संध्याकाळी व्हिडिओवर बाळाला हाका मारतात आणि ते नेमकं तेव्हाच झोपतं.

तुमच्या धाकट्या भावाचीही तब्येत चांगली आहे. मधे दोन आठवडे नव्हती. ती कशानं बिघडली आणि कशानं सुधारली हे सांगायलाच कागद घेतलाय. थोडं लांबेल, चष्मा लावून बसा.

आमच्या घरच्या नळाला धार नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मागच्या खेपेला तुम्हीच बाथरूममधून ओरडून विचारलं होतं, की देविका, हा नळ मी सोडलाय की गळतोय. आम्हा दोघांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. सकाळी बादली नळाखाली लावायची, मग चहा टाकायचा, तो प्यायचा, पेपरातल्या निधनवार्ता वाचायच्या (ओळखीचं कोणी असलं तर बादली भरूनही जायची), मग आंघोळ. पाणी नसतं असं नाही. लातूरचा नळ आठ दिवसांनी का होईना येतो, हौद भरतो, हौदातलं पाणी मोटरीनं गच्चीवरच्या टाकीत जातं, टाकी काठोकाठ असते. फक्त टाकीतलं पाणी खाली यायला राजी नसायचं.

दोन माणसांचं त्यात भागत होतं. पण मालविका बाळंतपणाला आली, बाळ झालं, आणि बाळाला न्हाऊ घालायला केवळाबाई यायला लागली. केवळाबाईला तुम्ही पाहिलं नाहीत. साठीच्या पुढची, हातात ताकद पैलवानाची आणि बोटं लोण्याची. औसा रोडवरच्या निम्म्या पोरांची डोकी तिनं गोल केलीत. सकाळी चार घरं करते. आमचं पहिलं. आमच्याकडे गॅसचा गीझर आहे, पण पाण्याला जोर असल्याशिवाय तो पेटतच नाही, त्यामुळे पाणी नळानं भरायचं, मग चुलीवर, म्हणजे गॅसवर, तापवायचं. तोवर केवळाबाई पाय पसरून बसलेली, तिच्या पायावर तेलानं माखलेलं बाळ, आणि ते रडून लालबुंद. तीन दिवस तिनं ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी ह्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "गुरुजी, मला अजून तीन बाळं न्हाऊ घालायची हायती. तुमच्या नळाची वाट बघता बघता ती चालाय लागतील."

 एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला पाण्यावरून कोणी बोललेलं सहन होत नाही. केवळाबाई गेल्यावर त्यांनी बादली, घड्याळ आणि एक नवी वही घेतली. वीस लिटरच्या बादलीला अठरा मिनिटं, अशी पहिली नोंद झाली. मग त्यांनी घराचा समोच्च रेषांचा नकाशा काढला. त्यात स्वयंपाकघर पठारावर होतं आणि बाथरूम कोकणात. (देवघर त्यांनी सगळ्यात उंच दाखवलं होतं, ते चुकीचं होतं, पण देवघर म्हणून मी बोलले नाही.) नकाशाप्रमाणे बाथरूममध्ये पाणी कोसळायला हवं होतं. ज्या अर्थी ते कोसळत नाही त्या अर्थी वाटेत अडथळा आहे, आणि अडथळा म्हणजे क्षार, असा निष्कर्ष निघाला. बोअरच्या पाण्यानं आपल्याकडच्या भांड्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच.

म्हणून त्यांनी शॉवरचं तोंड काढलं. त्याला बेचाळीस छिद्रं होती, त्यांतली एकतीस बुजलेली. मला न सांगता त्यांनी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात चिंच भिजवली आणि रात्रभर शॉवर त्यात बुडवून ठेवला. पहाटे शॉवर चकचकीत झाला तो घेऊन गेले आणि पातेलं ओट्यावर तसंच राहिलं. मी उठले, पाहिलं, आणि अक्का, खरं सांगते, माझे डोळे भरून आले. अडतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी पहिल्यांदा माझ्यासाठी चिंच भिजवून ठेवली होती. मी त्याच्या कोळाची आमटी केली. शेजारचे वीरण्णा (एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, ह्यांचे रोजचे चहाचे सोबती) त्या दिवशी जेवायला होते. ते दोनदा आमटी मागून म्हणाले, "वहिनी, आज कायतरी येगळीच चव हाय." ह्यांचा घास हातात तसाच राहिला. जेवण झाल्यावर त्यांनी मला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. मालविकेचं बाळंतिणीचं वेगळं जेवण होतं म्हणून ती सुटली. पोट कोणाचंच बिघडलं नाही. वीरण्णा तर पुढचे दोन दिवस विचारत होते, की ती आमटी परत कधी.

आणि शॉवरचं म्हणाल, तर आधी अकरा छिद्रांतून निदान अकरा बारीक धारा यायच्या. आता बेचाळीस छिद्रांतून बेचाळीस थेंब यायला लागले.

नंतर ह्यांनी पंप आणला. गंजगोलाईच्या बाजारातून, रिक्षात मांडीवर घेऊन, जसं मालविकेला दवाखान्यातून आणलं होतं तसं. दुकानदार बसवायला माणूस देतो म्हणाला, तर हे म्हणाले, आमच्याकडे वीरण्णा आहेत. वीरण्णांचा हात इंजिनावर बसलेला, त्यांनी पंप उघडल्याबरोबर ऑइल कुठं टाकायचं ते विचारलं. दोन दुपारी दोघं गच्चीच्या जिन्यावर बसून तो जोडत होते. मी चहा नेला की बोलणं थांबवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी केवळाबाई बाळाला घेऊन बाथरूममध्ये बसली, मालविका टॉवेल घेऊन दारात, मी गीझरपाशी, आणि ह्यांनी जिन्यावरून घोषणा केली की सुरू करतोय.

पहिलं अर्धं मिनिट आम्ही जे पाहिलं ते ह्या घरात पूर्वी कोणी पाहिलेलं नव्हतं. भिंतीवरचा हातशॉवर आपल्या आपण उठला, सापासारखा फणा काढला, आणि केवळाबाईला डोक्यापासून पायापर्यंत भिजवून मोकळा झाला. तिनं बाळाला पदराखाली घेतलं, त्याच्यावर थेंब पडू दिला नाही. "बंद करा, बंद करा," ती ओरडली आणि त्याच क्षणी पाणी आपोआप बंद झालं. कारण नळीत होतं नव्हतं तेवढं पंपानं ओढून संपवलं होतं आणि मागून येत नव्हतं. मग पंप जो घोंघावायला लागला, की गल्लीतली कुत्री आमच्या फाटकाशी गोळा झाली. वीरण्णांना बटण सापडेना. आणि ह्या गोंधळात सकाळपासून किंचाळणारं आमचं बाळ गप्प झालं, कान देऊन ऐकायला लागलं, आणि झोपलं. (मालविकेनं तो आवाज मोबाईलमध्ये भरून घेतलाय. आता रोज त्याच्यावरच झोपतं. तुम्ही अंगाई म्हणायची तयारी करून येणार असाल तर आधीच सांगून ठेवते.)

केवळाबाईनं पदर पिळला. माझं कोरडं लुगडं नेसली. जाताना दारात थांबून म्हणाली, "उद्या मकबूलला बोलवा, न्हाईतर मला बोलवू नका." आणि गेली. अक्का, त्या दिवशी पहिल्यांदा मी कॅलेंडरवर दिवस मोजले. बारसं तोंडावर, पाहुणे येणार, आणि बाळाला केवळाबाईशिवाय कोणाचा हात चालत नाही. मी एकदा प्रयत्न केला तर ते माझ्याकडे असं बघत होतं जसं काही मी पोस्टातून आले आहे.

मकबूल म्हणजे आपल्या मशिदीमागच्या गल्लीतला प्लंबर. त्याच्या आजोबांनी ह्यांच्या शाळेचे नळ बसवले होते. चांगला माणूस, हाताला गुण असलेला, अर्ध्या लातूरला माहीत असलेला. मग ह्यांनी त्याला आधीच का बोलावलं नाही, असं तुम्ही विचाराल. तर मकबूल ह्यांचा विद्यार्थी. दहावीच्या चाचणीत त्यानं नकाशात मांजरा नदी बिलोलीकडून उलटी बालाघाटाच्या डोंगरावर चढवली होती, आणि ह्यांनी त्याला शंभरात एकोणीस गुण देऊन सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, की पाणी कुठून कुठं वाहतं एवढं तरी तुला आयुष्यात कळेल का. आता त्यालाच घरी बोलावून पाणी का वाहत नाही ते विचारायचं. रात्रभर कूस बदलत होते. सकाळी मला म्हणाले, तू फोन कर, माझं नाव सांगू नकोस. मी फोन केला. मकबूल म्हणाला, "हाव बाई, सरांचं घर ना, येतो की."

आला. चपला बाहेर काढल्या, ह्यांना वाकून सलाम केला, चहा नंतर म्हणाला. ह्यांनी वही उघडून अठरा मिनिटांपासून सुरुवात केली. त्यानं सगळं हात बांधून ऐकलं, नकाशासुद्धा मन लावून पाहिला. मग विचारलं, "सर, टाकीखालचा वॉल बघितला का?"

"कुठला वॉल?" हे म्हणाले. (वॉल म्हणजे पाणी सोडायचं-अडवायचं चाक.)

गच्चीवर टाकीच्या मागं आमचा जुना कूलर आहे, पत्रा गंजलेला, ताट्या कुजलेल्या. फेकायचा म्हणून तिथं नेला आणि राहिला. त्याच्या पाठीमागं काय आहे हे कोण बघतंय. मकबूलनं आम्हाला खालचे सगळे नळ सोडून ठेवायला सांगितलं आणि दोघं वर गेले. खाली मी, मालविका, केवळाबाई (ती मकबूल आलाय का ह्याची खात्री करायला आली होती, बाळाला काही घेतलं नव्हतं) अशा तिघी छताकडे बघत उभ्या. कूलर सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग चाक फिरल्यासारखं करकर, करकर. मी आठ फेरे मोजले.

आधी भिंतीतली नळी खोकली. मग नळातून तांबूस पाणी आलं, मग फुसफुस वारा, आणि मग अक्का, धार आली. बाथरूममध्ये, मोरीत, स्वयंपाकघरात, मागच्या अंगणात, चारी ठिकाणी एकदम. बादलीच्या तळाशी पाणी आपटल्याचा तो धाडधाड आवाज मी किती वर्षांनी ऐकला. ओट्यावरचा स्टीलचा पेला धारेनं उलटून खाली गेला. गीझर कोणी हात न लावता भप्प करून पेटला. केवळाबाई सरळ पाय पसरून बसली आणि तिनं बाळासाठी हात पुढं केले. बादली पन्नास सेकंदात भरली. हे वरूनच ओरडून विचारत होते, किती सेकंद, किती सेकंद.

त्या दिवशी आमच्या घरी सणासारख्या आंघोळी झाल्या. बाळ झालं, मालविका झाली, मग हे गेले ते तासभर बाहेर येईनात, आतून रेणुकामातेची सगळी आरती दोनदा ऐकू आली. वीरण्णा स्वतःचा टॉवेल घेऊन आले, त्यांच्याकडे चांगली धार असूनसुद्धा. शेवटी मी गेले. डोक्यावर पडलेलं पाणी खांद्यावर येतं, खांद्यावरून पाठीवर, आणि आपल्याला तांब्या उचलावा लागत नाही, हे मी विसरूनच गेले होते. साठीची बाई मी, दार लावून एकटीच हसत उभी होते. बाहेर आले तर मालविका म्हणाली, "आई, तुझा चेहरा बाळासारखा दिसतोय."

मकबूलला जेवूनच जाऊ दिलं. (आमटी साधी होती.) ह्यांनी त्याच्या एकोणीस गुणांचे पस्तीस केले, सगळ्यांसमोर, तोंडी. तो म्हणाला, "सर, तवाच केले असते तर मी बी मास्तर झालो असतो, आन तुमचा नळ तसाच ऱ्हायला असता." हे इतके हसले की वीरण्णांना पाठ थोपटावी लागली.

आता ज्याच्यावरून हसावं की रडावं कळेना ती गोष्ट. जेवताना मकबूलनं सहज विचारलं, की बाई, तो वॉल आठ फेरे बंद होता, आपोआप तर होत न्हाई, कोणी केला. मी भात वाढत होते, मी भातच वाढत राहिले. आणि हे ताडकन म्हणाले, "भूकंप." तुमच्या नांदेड-हिंगोलीकडे अधूनमधून जमीन हलते, तिचे बारीक धक्के म्हणे इथपर्यंत येतात, आपल्याला कळत नाहीत पण चाकाला कळतात, दर धक्क्याला चाक केसभर फिरतं, आणि वर्षानुवर्षं ते फिरत फिरत वॉल बंद होत आला. वीरण्णांनी विचारलं, की मग दरवेळी बंदच्याच बाजूनं कसं फिरलं, एखादा धक्का उघडायच्या बाजूनं नाही आला का. तर हे म्हणाले, पृथ्वीची फिरण्याची दिशा. मकबूलनं माझ्याकडे पाहिलं, मी ताकाकडे पाहिलं. केवळाबाईला मात्र ते पटलं, ती आता चारही घरी सांगत फिरतेय, की गुरुजींच्या घरात भूकंपानं पाणी अडलं होतं. ह्यांनी त्याचा तक्ता करायला घेतलाय. बारशाला पाहुणे जमलेलेच असतील, तेव्हा नाव ठेवून झालं की वीस मिनिटं बोलणार आहेत, आणि त्यासाठी वीरण्णांनी माईक सांगितलाय.

बारसं पुढच्या रविवारचं नक्की झालं. तुम्ही शुक्रवारीच निघा, उशीर करू नका. घरातल्या थोरांना नमस्कार लिहिण्याची पद्धत आहे, पण तुमच्या घरी तुमच्याहून थोर आता कोणी उरलं नाही, तेव्हा तोही नमस्कार तुम्हीच ठेवून घ्या. आंघोळ इथं येऊनच करा.

आपली,
देविका

ता. क. अक्का, आता खरं लिहिते. फोनवर बोलता येत नाही, हे स्पीकर लावून शेजारी बसतात. तो वॉल मी बंद केला होता. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष आठवतं ना. बारा-बारा दिवस टँकर नाही, गल्लीत घागरींच्या रांगा, भांडणं, आणि तुमचे भाऊ शॉवरखाली उभं राहून आख्खी आरती म्हणायचे. चारदा सांगितलं, दर वेळी म्हणाले, आता कमी करतो. एका दुपारी हे शाळेत असताना मी गच्चीवर गेले आणि फिरवलं चाक. दुसऱ्या दिवसापासून दोन कडव्यांत आंघोळ उरकायला लागले. दुष्काळात पाण्याचा जोरही कमी होतो असं त्यांनीच गल्लीला समजावून सांगितलं. पुढं पाऊस झाला, मांजरा भरली, कूलर वर गेला, आणि मी विसरले. अगदी विसरले. मकबूलनं विचारलं तेव्हा आठवलं, आणि मग तोंड उघडेना. आता माझ्यामुळे त्यांनी चारचौघांत माईकवर भूकंप सांगितला तर सगळं लातूर त्यांना हसेल, आणि हे मला सहन होणार नाही. ते जगात फक्त तुमचं ऐकतात. म्हणून शुक्रवारी या म्हटलं. काहीही कारण काढा, नातवंडासमोर माईक नको म्हणा, पण ते भाषण थांबवा. आणि माझं नाव सांगू नका.

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द समजावी. पोस्टाची तिकिटं ह्यांच्या वहीत असतात म्हणून मघाशी वही उघडली. मकबूल आला त्या दिवशीच्या पानात एक चिंधी घडी करून ठेवलेली सापडली. तुम्ही मला पहिल्या दिवाळसणाला दिलेल्या हिरव्या इरकलीची लाल किनार. चाक हाताला रुतत होतं म्हणून त्या वर्षी मीच ती त्याच्यावर गुंडाळली होती, आणि नऊ वर्षं ती तिथंच होती. कूलर सरकल्यावर मकबूलच्या आधी ह्यांनीच ती सोडून खिशात घातली असणार. धुऊन वाळवलीयसुद्धा. त्याच पानावर खाली ह्यांच्या अक्षरात लिहिलंय: "कारण: भूकंप (सौम्य)."

तेव्हा भाषण होऊ द्या. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. माझ्या शेजारची खुर्ची तुमची.